गोपाळरावांची फेल्ट हॅट

नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात गव्हाचा कोंडा घ्यायला गेले की गिरिधर मास्तरांना दुकानदार दरवेळी विचारी, "गाईसाठी पाहिजे का म्हशीसाठी?" आणि मास्तर दरवेळी सांगत, "हॅटसाठी." हे उत्तर दुकानदाराला पाठ होतं, पण ते ऐकून पोटभर हसल्याशिवाय त्याचा हात पोत्यात जात नसे. त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातल्या त्या शनिवारीही तसंच झालं. बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते, ऊन कोवळं होतं, आणि कोंड्याची पिशवी सायकलला अडकवून मास्तर शीळ घालत धरमपेठेतल्या आपल्या घराकडे निघाले.

मास्तर चित्रकलेचे. तीस वर्षं त्यांनी शाळेतल्या मुलांकडून सुरई, केळी आणि उघडं पुस्तक काढून घेतलं आणि निवृत्त झाल्यावर एका भलत्याच छंदाला लागले. जुन्या फेल्ट हॅट्स नीट करण्याचा छंद. साहेबलोक निघून गेले, पण त्यांच्या हॅट्स मागे राहिल्या होत्या. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या माळ्यांवर, जंगलखात्यातल्या पेन्शनरांच्या ट्रंकांत, नाटकवाल्यांच्या पेटाऱ्यांत. कुणाची कसरीनं खाल्लेली, कुणाची उशीखाली दाबल्यासारखी चपटी. मास्तर त्या गरम कोंड्यानं चोळत, त्यात तेल-मळ निघून येई. मग मऊ ब्रशानं लव एका बाजूला बसवत, किटलीच्या वाफेवर धरून फेल्ट मऊ करत आणि लाकडी साच्यावर चढवून तिला पुन्हा डोकं देत. हे सगळं हौसेचं काम. साठीचा माणूस नीट केलेली हॅट घालून आरशापुढे उभा राहिला की आपोआप पाठ ताठ करतो, ते बघायला मिळालं की मास्तरांना भरून पावे.

त्यांच्या पत्नी उत्तराबाई या छंदाला कधी नाव ठेवत नसत, पण थट्टा सोडत नसत. एकदा त्यांनी लाल भोपळ्याला कोळशानं मिशा काढून त्यावर हॅट बसवली आणि तो खिडकीत ठेवून दिला. दूधवाला दोन दिवस विचारत होता की तुमच्याकडे पाहुणे कोण आले आहेत म्हणून.

मास्तर घरी पोचले तेव्हा उत्तराबाईंबरोबर व्हरांड्यात एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, काठापदराचं साधं लुगडं, मांडीवर धुवट धोतरात बांधलेलं गाठोडं. शामला त्यांचं नाव. मुलींच्या शाळेत शिकवत, सक्करदऱ्याला राहत. गाठोड्यात एक करडी फेल्ट हॅट होती, काळ्या रिबिनीची, आणि तिची दशा मास्तरांनी आजवर पाहिलेल्या सगळ्या हॅट्सपेक्षा वाईट होती. फेल्ट आवळून कडक झाली होती, कड लाटेसारखी वाकडी झाली होती, आणि आतल्या चामड्याच्या पट्टीमागून बोट फिरवलं की बारीक वाळू गळत होती.

शामलाबाईंनी जे सांगितलं ते असं. हॅट त्यांच्या वडिलांची, गोपाळरावांची. खापा गावच्या शेतकरी घरातला हा माणूस नागपुरात कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रावर लागला आणि पुढे तिथंच हेडक्लार्क झाला. झाला त्याच दिवशी त्यानं ही हॅट घेतली. सत्तावीस वर्षांपूर्वी, शेहेचाळीसच्या मार्गशीर्षात, गोपाळराव खाप्याला जाऊन येतो म्हणून घरून निघाले ते खाप्याला पोचलेच नाहीत. आठव्या दिवशी वाटेवरच्या कन्हान नदीच्या वाळूत हॅट सापडली. माणूस सापडला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. शामलाबाईंची आई प्रयागबाई आजही कपाळाला कुंकू लावत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हॅट सापडली याचा अर्थ एवढाच, की त्यांचा नवरा कुठंतरी उघड्या डोक्यानं हिंडतो आहे.

आता शामलाबाईंना अमरावतीच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती. याआधी अशी संधी दोनदा आली आणि दोनदा त्यांनी ती नाकारली, कारण आई घर सोडायला तयार नव्हती. तो येईल आणि दाराला कुलूप पाहून परत जाईल, ही एकच धास्ती. पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीला एकटं टाकून जायचं कसं? महिनाअखेर होकार कळवायचा होता, तिसऱ्यांदा कोणी विचारणार नव्हतं. अशात आईनं एकाएकी हट्ट धरला होता की हॅट पहिल्यासारखी करून आण. शामलाबाईंना वाटत होतं, हा हट्ट पुरवला तर कदाचित आई ती हॅट बरोबर घेऊन अमरावतीला यायला कबूल होईल. बोलताना त्यांनी एकदाही डोळ्याला पदर लावला नाही, आणि म्हणूनच मास्तरांना ते फार लागलं. आठ दिवसांत हॅट देतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

काम त्याच दुपारी सुरू झालं. उत्तराबाईंनी लोखंडी तव्यावर कोंडा भाजून दिला. मास्तरांनी तीन वेळा चोळला, तीनही वेळा तो काळाकुट्ट होऊन निघाला. मग किटली ठेवली. वाफ फेल्टमध्ये शिरली तशी हॅट हळूहळू सैल पडू लागली आणि खोलीत वास पसरला. आधी ओल्या लोकरीचा, मग शेवाळाचा, मग खोल पाण्याचा. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही, किटलीचा सूं सूं आवाज, आणि धरमपेठेतल्या त्या कोरड्या खोलीत नदीकाठी बसल्यासारखा गारवा. उत्तराबाई उठून खिडकी उघडून आल्या. तरी वास गेला नाही.

संध्याकाळपर्यंत हॅट साच्यावर चढली. वरच्या घडीचा आकार प्रयागबाईंना विचारून द्यावा, म्हणून मास्तरांनी डोक्याचा भाग नुसता गोल ठेवला. सुरकुती नाही, खळगा नाही, घोटलेल्या दगडासारखा. सकाळी पाहतात तर त्या गोल भागावर तीन खळगे. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. ओली फेल्ट कुणी चिमटीत धरून उचलावी, तसे.

मास्तर हसले. भोपळ्याला मिशा काढणारी बाई घरात असताना दुसऱ्या कुणाचा संशय येणार? ते काही बोलले नाहीत. पुन्हा वाफ दिली, खळगे बुजवले आणि हॅट व्हरांड्यात उन्हात ठेवून दोघं जेवायला बसले. जेवून येतात तर खळगे परत तिथंच. आता पुरे कर, असं मास्तर म्हणाले. उत्तराबाई म्हणाल्या, काय पुरे करू? मला वाटलं तुम्हीच करून राहिले. आणि मी तर आत्ता तुमच्यासमोर जेवून उठले.

हे खरं होतं. मास्तरांनी हॅट जवळ घेतली. त्यांनी आपला अंगठा एका खळग्यात ठेवला आणि पलीकडच्या दोन खळग्यांत बोटं ठेवायला गेले. बसेनात. दोन खळग्यांमध्ये एका बोटाची जागा मोकळी होती. तर्जनी एकात, अनामिका दुसऱ्यात, आणि मधलं बोट वर उचलून धरलं तरच हात जुळत होता. उत्तराबाईंनीही करून पाहिलं. त्यांचंही तसंच.

"असं कोण उचलतं टोपी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हॅट पुन्हा गुळगुळीत केली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली उत्तराबाईंनी मुठीत धरली. कपाटासमोर बाजेवर बसून दोघं हिरवे हरभरे सोलत राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या रेडिओवर शेतकऱ्यांसाठी काही कार्यक्रम चालला होता, कपाशीवरच्या किडीबद्दल. आपण दोघं साठीला आलेली माणसं कपाटाला पहारा देऊन बसलो आहोत, या विचारानं उत्तराबाईंना मधेच हसू फुटलं आणि मग मास्तरांनाही. हसता हसता रेडिओ बंद पडला, म्हणजे शेजाऱ्यांनी बंद केला असेल, आणि त्या शांततेत कपाटातून आवाज आला. अगदी हलका. कुणी सुस्कारा सोडावा, किंवा ऊबदार कापडावर कुणी बोटं टेकावीत, तसा.

उत्तराबाईंनी किल्ली फिरवली. आत हॅट होती तिथंच होती. तीन खळगे. मास्तरांनी हात लावला. लोखंडी कपाट डिसेंबरात बर्फासारखं गार असतं, पण हॅट... हॅट कोमट होती. आत्ताच कुणीतरी काढून ठेवल्यासारखी.

"उत्तरा," मास्तर अगदी हळू म्हणाले, "ती कुणी दाबत नाहीये. कुणी... उचलतंय. नमस्कारासाठी उचलतात ना, तशी."

उत्तराबाईंनी पदर सावरला, आणि दारात अनोळखी पाहुणा आला असता तर ज्या आवाजात बोलल्या असत्या त्याच आवाजात, फक्त किंचित कापऱ्या, त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "बसा."

काही झालं नाही. पण नदीचा वास मात्र त्या घटकेला गेला, आणि मास्तर सांगत की त्यानंतर खोलीत संत्र्याची साल सोलल्यासारखा ताजा वास राहिला.

आता प्रश्न होता शामलाबाईंना सांगायचं की नाही. न सांगणं सोपं होतं. हॅट द्यायची, चहा घ्यायचा, घरी यायचं. पण ज्या बाईचं सबंध आयुष्य एका माणसाच्या येण्या-न येण्यावर अडून राहिलं होतं, तिच्यापासून हे लपवायचा आपल्याला काय अधिकार, असं मास्तरांना वाटलं. रविवारी सकाळी त्यांनी हॅटवरून शेवटची वाफ फिरवली, खळगे बुजवले, ती धोतरात गुंडाळली आणि सायकलवरून सक्करदऱ्याला गेले. फाटकाशी शामलाबाई भेटल्या. तिथंच उभं राहून मास्तरांनी सगळं सांगितलं, कपाटाचंसुद्धा. सांगताना आपल्यालाच लाज वाटते आहे असं त्यांना झालं. शामलाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मधल्या बोटाचं ऐकलं आणि त्यांनी फाटक घट्ट धरलं.

"बाबांचं मधलं बोट नव्हतं, सर," त्या म्हणाल्या. "यंत्रात गेलं होतं, एकोणीस वर्षांचे असताना. मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेल्या अंगणाचं. प्रयागबाई लहानखुऱ्या, वाकलेल्या, पण डोळे चिमणीसारखे. त्यांनी हॅट हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली, वास घेतला, आणि समाधानानं मान डोलावली. खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसत नसावं, कारण तिचं वेताचं विणकाम अजून नवं होतं. त्या खुर्चीवर त्यांनी हॅट ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. वरच्या घडीचं विचारायचं मास्तरांचं राहूनच गेलं. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. खिडकीतून उन्हाचा चौकोन खुर्चीवर पडला होता, हॅटची करडी लव त्यात चमकत होती.

आणि मग, त्या दोघांच्या डोळ्यांदेखत, हॅटच्या गोल भागावर एक खळगा पडला. सावकाश, घाई नसल्यासारखा. मग पलीकडच्या बाजूला एक. मग जरा अंतर सोडून आणखी एक... मास्तरांना ओरडावं असं वाटलं नाही, श्वाससुद्धा घ्यावा असं वाटलं नाही. हॅटची पुढची कड दोन बोटं वर उठली, क्षणभर तशीच थांबली, आणि अलगद परत टेकली.

शामलाबाईंच्या घशातून आवाज आला. मास्तरांना वाटलं त्या आता कोसळणार. पण त्या हसत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मागून त्यांनी मास्तरांना सांगितलं की त्या शाळेतून घरी आल्या की वडील दारात अशीच हॅट उचलत, मोठ्या बाईसमोर उचलावी तशी, आणि म्हणत, या हेडमास्तरीणबाई. चौदा वर्षांच्या पोरीला तो रोजचा मान होता. त्यानंतर कुणी तो दिला नव्हता.

त्या वेळी मात्र त्या खुर्चीकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "झाले, बाबा. अमरावतीला."

प्रयागबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये चार कप होते. त्यांनी हॅटकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि जरासुद्धा दचकल्या नाहीत. उलट, स्टेशनवरून उशिरा आलेल्या माणसावर बायका रागावतात तसा थोडा राग त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि लगेच विरून गेला.

"काहून रडते वं?" त्या म्हणाल्या. "जाय तू अमरावतीले. मले आता सोबत आहे." मग मास्तरांकडे वळून, "चहा घे गा मास्तर, थंडा होऊन राहिला."

मास्तरांनी चहा घेतला. चौथ्या कपाकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

शामलाबाई जानेवारीत अमरावतीला गेल्या. जाण्याआधी चार रात्री त्यांना झोप नव्हती. आईला एकटं सोडतो आहोत की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवता येईना. शेवटी शेजारच्या गोपिकाबाईंना रोज एकदा डोकावायला सांगून त्या गाडीत बसल्या. गोपिकाबाई डोकावत आणि पत्र पाठवत. प्रयागबाई दोन वेळा नीट जेवतात, सकाळी तलावाला चक्कर मारून येतात, चालताना एका बाजूला मान करून बोलतात. घरातून हसण्याचे आवाज येतात. एवढ्या वर्षांत या घरातून हसू कधी ऐकलं नव्हतं, असं गोपिकाबाईंनी दोनदा लिहिलं होतं. नागपूरला आल्या तेव्हा शामलाबाईंनी ती पत्रं मास्तरांना दाखवली, आणि अमरावतीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल इतकं भरभरून सांगितलं की उत्तराबाईंनी त्यांना आग्रहानं रात्रीचं जेवायला ठेवून घेतलं.

मास्तरांनी महिनाभर कुठल्याच हॅटला हात लावला नाही. किटलीचा आवाज आला की त्यांच्या मानेवर काटा येई. पण माणूस छंदाशिवाय किती दिवस राहणार? फेब्रुवारीत बँडवाल्या मास्तरांची एक तपकिरी हॅट आली, ती मुकाट्यानं दिलेल्या आकारात राहिली, आणि गिरिधर मास्तर पुन्हा शीळ घालू लागले.

होळीच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस ते कोंडा घेऊन दुपारी घरी आले. उत्तराबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या हसत होत्या, पण दोन्ही हातांनी खांब धरून.

"अकराच्या सुमारास एक गृहस्थ येऊन गेले," त्या म्हणाल्या. "करडी हॅट, काळी रिबीन. तुमच्या हातचं काम मी कुठंही ओळखीन."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. प्रयागबाई सोबत होत्या का, एवढंच त्यांना विचारता आलं.

नाही, एकटेच होते. उत्तराबाईंनी त्यांना बसा म्हटलं. पण ते बसले नाहीत. कपडे ओले आहेत, तुमची खुर्ची खराब होईल, म्हणाले. फार सभ्य माणूस, आवाजही गोड. तुमचे उपकार मानले त्यांनी आणि एक ठेवून गेले आहेत, त्यांच्या बरोबरच्यांची. तिकडं पुष्कळ जणांच्या अशाच खराब होऊन पडल्यात म्हणे... एकेक करून आणून देईन म्हणाले.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? अवश्य आणा म्हटलं."

मग मास्तरांना हसू आलं, भीतीतूनच आलं, आणि ते आवरेना. उत्तराबाईंनी विचारलं, किटली ठेवू का? ठेव, मास्तर म्हणाले, मोठी ठेव.

व्हरांड्याच्या कठड्यावर, भर उन्हात, एक काळी फेल्ट हॅट पालथी घातली होती. तिच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. मार्चचं ऊन, तीन तास झाले होते, आणि ते ठिबकणं थांबलं नव्हतं. उत्तराबाईंनी खाली बादली लावली होती. ती दुसऱ्यांदा भरत आली होती.